उत्पादनाच्या अडचणी सोडवण्यासाठी संगणकाची मदत: लहान कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्णयाला मदत करणारी प्रणाली म्हणजे नेमके काय? ती ईआरपीहून वेगळी कशी?

ईआरपी (साठा, उत्पादन, बिले यांच्या नोंदी एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) काय झाले ते सांगते: इतका माल आला, इतके नग गेले, इतके बिल झाले. निर्णयाला मदत करणारी प्रणाली त्याच आकड्यांवरून 'मग आता काय करायचे' याचे दोन-तीन पर्याय आणि प्रत्येकाचा परिणाम समोर ठेवते. निवड माणूसच करतो.

अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये निर्णयांची जी विभागणी मांडली ती आजही उपयोगी पडते. काही निर्णय पूर्णपणे नियमात बसतात: साठा अमुक पातळीखाली गेला की मागवा. ते संगणकावर सोपवून मोकळे व्हावे. काही नियमात बसतच नाहीत: नवी मशीन घ्यावी का, एखादा मोठा ग्राहक सोडावा का. तिथे संगणक फार तर आकडेमोड करून देईल. खरी मदत होते ती मधल्या पट्ट्यात. आज कोणता जॉब आधी लावायचा, चालू बॅच थांबवायची की ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलून पुढे जायचे, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) आता बदलायचा की आणखी पन्नास नग काढायचे. लहान कारखान्यात असे निर्णय एक सुपरवायझर दिवसातून वीस वेळा, उभ्याउभ्या, डोक्यातल्या आकड्यांवर घेतो. तो रजेवर गेला की मग सगळ्यांना त्या आकड्यांची आठवण होते.

सुरुवात कुठून करायची?

सॉफ्टवेअरपासून नको. एक निर्णय निवडा आणि तो एका वाक्यात लिहून काढा: कोण, केव्हा, कोणत्या पर्यायांमधून, कशाच्या आधारावर निवडतो. उदाहरणार्थ, 'पहिल्या शिफ्टचा सुपरवायझर रोज सकाळी ग्राइंडिंगला आधी कोणता जॉब लावायचा ते ठरवतो. सध्या ज्याचा फोन जास्त वेळा येतो तो जॉब आधी लागतो.' वाक्याचा उत्तरार्ध लिहिताना थोडी लाज वाटली, तर निवड बरोबर आहे.

निवडलेला निर्णय आठवड्यातून किमान एकदा घ्यावा लागणारा असावा. वर्षातून दोनदा येणाऱ्या निर्णयावर प्रणाली बांधली तर ती बरोबर आहे की चूक हे कळायलाच वर्ष जाते.

मग कोणती माहिती गोळा करायची ते ठरते. कसोटी सोपी आहे: हा आकडा दुप्पट झाला किंवा निम्मा झाला तर कोणाचे काम बदलेल? कोणाचेच नाही, तर तो रकाना काढून टाका. बरेच प्रयत्न बारगळतात ते याच रकान्यांमुळे. तीस रकाने भरणारा माणूस शेवटी एकही धड भरत नाही.

मशीन थांबण्याची नोंद नेमकी कशी घ्यावी?

एका थांब्याला पाच गोष्टी पुरतात: मशीन, जॉब, थांबल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, कारणाचा कोड. कारणे ८ ते १२ असावीत. पाचच ठेवली तर सगळे 'ब्रेकडाउन'मध्ये जाते. चाळीस दिली तर ऑपरेटर यादीतले पहिले किंवा शेवटचे कारण निवडून मोकळा होतो.

कारणे ऑपरेटरच्या डोळ्यांना दिसतील अशीच हवीत. 'नियोजनाचा अभाव' हे कारण नाही, तो निकाल आहे. 'माल नाही', 'ड्रॉइंग नाही', 'टूल मोडले', 'सेटिंग चालू', 'पहिला नग तपासणीत अडकला', 'क्रेन मोकळी नाही', 'वीज' अशी कारणे चालतात. सेटिंग आणि पहिल्या नगाची तपासणी यांना कधीही एकाच कोडमध्ये कोंबू नका. सेटिंग संपून ऑपरेटर तपासणीसाची वाट पाहत बसतो, तो वेळ बऱ्याचदा सेटिंगच्या नावावर खपतो, आणि मग सेटिंग लवकर उरकण्यासाठी नव्या फिक्श्चरवर (नग धरून ठेवणाऱ्या साधनावर) खर्च होतो.

नोंद मशीन पुन्हा सुरू होतानाच व्हावी. शिफ्टच्या शेवटी भरलेला तक्ता ओळखणे सोपे आहे: सगळे थांबे ५, १०, १५, ३० मिनिटांचे असतात. महिन्याच्या नोंदींत मिनिटांचा शेवटचा अंक पाहा. जवळपास सगळीकडे ० किंवा ५ असेल, तर तो तक्ता आठवणीतून भरला आहे. अशा नोंदीतून मोठे थांबे कळतात. दोन-तीन मिनिटांचे, दिवसात तीस वेळा होणारे थांबे पूर्ण गळून जातात.

'इतर' हा कोड ठेवावाच लागतो. एकूण थांब्यांच्या मिनिटांत त्याचा वाटा १० टक्क्यांच्या वर गेला की त्यातल्या नोंदी वाचून नवा कोड काढा, आणि कोणी वापरत नाही असा जुना कोड रद्द करा.

मग सर्वांत मोठ्या कारणावर हल्ला करायचा ना?

घाई नको. पॅरेटो तक्ता (कारणे मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेला) थांब्यांच्या संख्येवर काढला तर एक उत्तर मिळते, मिनिटांवर काढला तर दुसरे, आणि फक्त बॉटलनेक (सगळ्यांचा वेग अडवणाऱ्या) मशीनच्या मिनिटांवर काढला तर तिसरे. तिसरेच खरे. ज्या मशीनपुढे कधी माल साचत नाही तिचा दीड तास वाचवला, तर ती पुढच्या मशीनसमोर दीड तासाचा जास्त ढीग लावेल, एवढेच. बॉटलनेक कोणता ते सॉफ्टवेअरला विचारण्याआधी शॉप फ्लोअरवर एक फेरी मारा. सर्वांत जास्त अर्धवट नग ज्या मशीनसमोर पडलेले असतात, साधारण तीच.

ओईई काढावा का?

काढावा (ओईई म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता: उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार), पण तिन्ही भाग वेगळे ठेवून. ४८० मिनिटांची शिफ्ट, त्यात ४५ मिनिटे नियोजित विश्रांती, म्हणजे ४३५ मिनिटे चालवायची होती. ८७ मिनिटे मशीन थांबली, ३४८ चालली: उपलब्धता ८० टक्के. आदर्श सायकल टाइम (एका नगाला लागणारा कमीत कमी वेळ) १.५ मिनिटे, नग झाले २००, म्हणजे ३०० मिनिटांचे काम ३४८ मिनिटांत: वेग ८६.२ टक्के. त्यातले १९० चांगले: गुणवत्ता ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६५.५ टक्के. पडताळा असा: चांगले नग गुणिले आदर्श सायकल भागिले नियोजित वेळ, म्हणजे २८५ भागिले ४३५. दोन्हींचे उत्तर जुळले नाही तर सूत्रात कुठेतरी चूक आहे; विश्रांतीची वेळ दोनदा वजा झाली का ते आधी पाहा.

दोन गोष्टी नेहमी चुकतात. आदर्श सायकल म्हणून कोटेशनमधला वेळ घेतला जातो, त्यात आधीच हातचा राखलेला असतो, आणि वेग ११० टक्के येतो. १०० च्या वरचा वेग दिसला की ऑपरेटरचे कौतुक करण्याआधी सायकल टाइम घड्याळ लावून मोजा. दुसरे म्हणजे वेगवेगळ्या मशीनच्या ओईईची सरासरी काढून भिंतीवर लावणे. त्या आकड्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही.

मशीनला सेन्सर लावून आपोआप मोजणी करता येईल का? जुन्या मशीनवरही?

येईल. जुन्या मशीनसाठी दोन स्वस्त मार्ग आहेत. मुख्य मोटरच्या एका फेजवर क्लॅम्पचा करंट ट्रान्सफॉर्मर (वायरभोवती बसून करंट मोजणारा) लावला तर मशीन चालू, रिकामी फिरते की बंद, हे कळते. मशीनची वायर कापावी लागत नाही. मात्र क्लॅम्प एकाच वायरभोवती हवा. तिन्ही फेज किंवा जाणारी-येणारी वायर एकत्र घेतली तर रीडिंग शून्याच्या आसपास येते आणि सेन्सर बिघडला असे वाटते. करंट ट्रान्सफॉर्मरची आउटपुट टोके उघडी ठेवू नका. त्यावर भार नसेल तर धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकते. हे काम इलेक्ट्रिशियननेच, सप्लाय बंद करून करायचे.

नगांच्या मोजणीसाठी चक, स्लाइड किंवा दरवाजाजवळ २४ व्होल्टचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की ओळखणारा) पुरतो. सेन्सर पीएनपी आहे की एनपीएन (आउटपुटचे दोन प्रकार) ते इनपुटशी जुळवून घ्या. जुळले नाही तर सेन्सरचा दिवा लागतो पण मोजणी हलत नाही. ईएसपी-३२ सारख्या लहान कंट्रोलर बोर्डचे इनपुट ३.३ व्होल्टचे असते, २४ व्होल्ट थेट दिले तर बोर्ड जळतो. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवून दोन व्होल्टेज वेगळी ठेवणारा भाग) घाला.

पहिल्या आठवड्यात मोजणी हमखास जास्त येते. कारणे बहुधा तीन. सेन्सरच्या कडेवर धातू थरथरतो आणि एका नगाचे तीन ठोके पडतात: सायकलच्या निम्म्या वेळेत आलेला दुसरा ठोका मोजायचा नाही असा नियम लावा. सकाळी वॉर्म-अपच्या रिकाम्या सायकली मोजल्या जातात. आणि सेटिंग करताना दरवाजा वीस वेळा उघडतो. यासाठी ऑपरेटरला 'सेटिंग' असे एक बटण द्या. त्या बटणाच्या वेळा आयत्या मिळतात, हा वरचा फायदा.

सेन्सर 'थांबली' एवढेच सांगतो, 'का थांबली' ते सांगत नाही. कारण माणसालाच टाकावे लागते.

माप वारंवार टॉलरन्सबाहेर जाते. संगणक यात काय सांगू शकतो?

इथे मदत सर्वांत लवकर आणि सर्वांत ठळक दिसते, म्हणून हे उत्तर लांब आहे.

टर्निंगचा एक व्यास २५.००० ± ०.०२० मिमी आहे असे समजा; ± ची ही सूट म्हणजे टॉलरन्स. दर तासाला लागोपाठचे ५ नग मोजायचे, त्यांची सरासरी आणि रेंज (सर्वांत मोठे वजा सर्वांत लहान) लिहायची. असे २० ते २५ गट जमले की हद्दी काढायच्या. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला कंट्रोल चार्ट तो हाच. पाचच्या गटासाठी स्थिरांक ठरलेले आहेत: सरासरीच्या हद्दीसाठी ०.५७७, रेंजच्या वरच्या हद्दीसाठी २.११४, प्रमाण विचलन (माप सरासरीभोवती किती पसरते त्याचा आकडा) काढण्यासाठी २.३२६.

एकूण सरासरी २५.०१२ आणि सरासरी रेंज ०.०१० आली. सरासरीच्या हद्दी: २५.०१२ ± (०.५७७ × ०.०१०), म्हणजे सुमारे २५.००६ ते २५.०१८. रेंजची वरची हद्द ०.०२१. प्रमाण विचलन ०.०१० ÷ २.३२६, म्हणजे ०.००४३.

आता निर्णयाकडे या. सीपी (पसारा टॉलरन्समध्ये बसू शकतो का) = एकूण टॉलरन्स ÷ सहा प्रमाण विचलने = ०.०४० ÷ ०.०२५८ = १.५५. सीपीके (सरासरी सरकलेली धरून प्रत्यक्षात बसतो का) = सरासरीपासून टॉलरन्सच्या जवळच्या हद्दीपर्यंतचे अंतर ÷ तीन प्रमाण विचलने = ०.००८ ÷ ०.०१२९ = ०.६२. सीपीके १.३३ च्या वर असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. नुसता ०.६२ पाहिला तर मशीन म्हातारी झाली, स्पिंडल उघडा, अशी चर्चा सुरू होते. पण सीपी १.५५ आहे. मशीनचा पसारा टॉलरन्समध्ये आरामात बसतो. सेटिंग फक्त १२ मायक्रॉन वर सरकले आहे. या स्थितीत शंभरात तीनेक नग टॉलरन्सच्या वरच्या हद्दीबाहेर जातील, आणि उपाय आहे ऑफसेट ०.०१२ ने कमी करणे. ती किंमत व्यासात टाकायची की त्रिज्येत, हे कंट्रोलच्या सेटिंगवर ठरते. चुकले तर दुरुस्ती दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणून बदलानंतरचे पाच नग मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही.

उलट सीपीच ०.८ आला असता तर ऑफसेटशी कितीही खेळून उपयोग नव्हता. तिथे फिक्श्चर, बेअरिंग, कच्च्या मालाचा कडकपणा, टूलची पकड हे पाहावे लागते. पहिल्या प्रकारात ऑपरेटर पाच मिनिटांत काम करतो, दुसऱ्यात मेन्टेनन्सला बोलवावे लागते. प्रणालीने एवढा फरक जरी शिफ्ट चालू असताना दाखवला तरी तिने तिचे काम केले.

घोटाळे कुठे होतात? सरासरीच्या चार्टवर टॉलरन्सच्या रेषा आखल्या जातात. त्या तिथे आखायच्या नसतात, कारण सरासरी आत असताना सुटा नग बाहेर असू शकतो. दोन मशीनचे किंवा मोल्डच्या दोन कॅव्हिटींचे (पोकळ्यांचे) नग एकाच गटात घेतले जातात, हद्दी इतक्या रुंद होतात की धोक्याची घंटा कधी वाजतच नाही. हद्दी रोज नव्याने काढल्या जातात, मग बिघाडही हळूहळू 'नेहमीचा' ठरतो. आणि सर्वांत महागडी चूक: प्रत्येक नग मोजून प्रत्येक वेळी ऑफसेट हलवणे. त्याने पसारा कमी होत नाही, वाढतो. एखादा बिंदू हद्दीबाहेर गेला किंवा सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तरच हात लावायचा, हा नियम स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत असू द्या.

टूल झिजत जाते तिथे माप एका दिशेने सरकणारच. तिथे साधा चार्ट सतत ओरडतो. त्यापेक्षा शंभर नगांत माप किती सरकते ते काढून ऑफसेट केव्हा द्यायचा आणि इन्सर्ट केव्हा बदलायचा हे नगांच्या संख्येत सांगावे.

मोजमापाच्या साधनावर भरवसा ठेवावा का?

आधी तपासा. १० नग, ३ माणसे, प्रत्येकाने प्रत्येक नग २-३ वेळा मोजायचा, आधीचे रीडिंग न पाहता. यालाच गेज आर अँड आर म्हणतात. मोजणीतलाच पसारा एकूण पसाऱ्याच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर असेल तर त्या साधनावर घेतलेला कोणताही निर्णय नाणेफेक आहे. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाच्या) व्हर्नियरने ०.०४ ची टॉलरन्स तपासत असाल तर हा अभ्यास करण्याचीही गरज नाही, मायक्रोमीटर घ्या.

अनुभवी माणसाचे ज्ञान संगणकात उतरवता येते का?

ठरावीक दोषांपुरते येते, आणि त्यासाठी भारी तंत्र लागत नाही. दोष, पहिली तपासणी, उत्तर काय आले, पुढची तपासणी: एवढा तक्ता पुरतो. प्लास्टिक मोल्डिंगमध्ये नग अर्धवट भरतो तो शॉर्ट शॉट पाहू. नवा माणूस थेट प्रेशर वाढवतो. जाणता आधी कुशन पाहतो, म्हणजे इंजेक्शननंतर स्क्रूपुढे उरलेला माल.

कुशन शून्य आहे: माल कमी पडतोय. शॉट साइज वाढवा. हॉपरमध्ये माल खाली येतो का, घशापाशी चिकटलाय का पाहा. कुशन दर शॉटला कमी-जास्त होते, किंवा होल्डिंग (भरल्यावर दाब धरून ठेवणे) चालू असताना स्क्रू पुढे सरकत राहतो: माल चेक रिंगमधून (माल मागे जाऊ न देणाऱ्या रिंगमधून) मागे गळतोय, रिंग आणि सीट तपासा, इथे प्रेशर वाढवून काही होणार नाही. कुशन स्थिर आहे तरी नग अर्धवट: माल पुरेसा आहे, पण पोहोचत नाही. वितळलेल्या मालाचे तापमान, मोल्डचे तापमान, इंजेक्शनचा वेग, गेट (माल मोल्डमध्ये शिरण्याचे तोंड) आणि व्हेंट (हवा बाहेर जाण्याची फट) या क्रमाने जा. टोकाला जळल्याचा काळा डाग असेल तर व्हेंट आधी, कारण कोंडलेली हवा दाबली जाऊन जाळते. तिथे वेग वाढवला तर जळणे वाढते.

हे लिहून घ्यायला जाणत्या माणसासमोर कोरा कागद ठेवून बसू नका. 'तुम्ही दोष कसा शोधता?' याला कोणीच नीट उत्तर देत नाही. खरा दोष आला की त्याच्या शेजारी उभे राहा आणि एकच विचारा: 'आत्ता हेच आधी का पाहिले?' साधारण पंधरा-वीस प्रसंगांत एका दोषाचा तक्ता तयार होतो. प्रत्येक पायरीवर 'झाले' आणि 'नाही झाले' एवढी दोन बटणे ठेवा; कोणत्या पायरीवर दोष सुटतो याची मोजणी साठत जाते आणि क्रम सुधारता येतो.

डिलिव्हरीच्या तारखा चुकतात. वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर घ्यावे का?

त्याआधी एक भागाकार करा. शॉपमध्ये अर्धवट पडलेले जॉब भागिले दिवसाला पुरे होणारे जॉब. ६०० पडले आहेत आणि रोज ५० बाहेर पडतात, तर आज आत आलेला जॉब सरासरी १२ दिवसांनी बाहेर पडेल. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम कोणत्याही सॉफ्टवेअरने मोडत नाही. ७ दिवसांत देण्याचा शब्द दिला असेल तर आत ३५० च्या वर जॉब सोडता येणार नाहीत. म्हणून पहिला निर्णय आहे, आज कोणते जॉब शॉपवर सोडायचेच नाहीत. ऑफिसमध्ये थांबलेला जॉब निदान वाट अडवत नाही.

मग क्रम. तारखेपर्यंतचे दिवस भागिले उरलेल्या कामाचे दिवस, हे गुणोत्तर काढा. पहिल्या जॉबला ६ दिवस आहेत, काम ४ दिवसांचे: १.५. दुसऱ्याला ३ दिवस, काम ४ दिवसांचे: ०.७५. तिसऱ्याला १० दिवस, काम ८ दिवसांचे: १.२५. नुसत्या तारखेने पाहिले तर तिसरा शेवटी जातो. गुणोत्तराने तो पहिल्याच्या आधी येतो, कारण त्याच्याकडे उसंत कमी आहे. दुसऱ्याचे गुणोत्तर १ च्या खाली आहे, तो नुसता क्रमात पुढे आणून वेळेत होणार नाही. त्याच्यासाठी बाकीचे जॉब उठवण्याआधी बॅच तोडता येते का, एखादी क्रिया बाहेरून करून घेता येते का ते पाहा, नाहीतर ग्राहकाला आजच कळवा.

क्रम रोज काढा, पण पुढच्या एका शिफ्टचा क्रम गोठवून ठेवा. दर तासाला बदलणारे वेळापत्रक सेटिंगचे इतके तास खाते की उशीर त्यातूनच होतो.

दोन ऑर्डरपैकी कोणती घ्यावी, हे कसे ठरवायचे?

नगामागच्या नफ्यावर नाही, बॉटलनेकच्या मिनिटामागच्या अंशदानावर. ग्राइंडिंग बॉटलनेक आहे असे धरा. एका नगातून माल व इतर चल खर्च वजा जाता १२० उरतात, ग्राइंडिंगला ६ मिनिटे लागतात: मिनिटाला २०. दुसऱ्यातून ९० उरतात, ग्राइंडिंग ३ मिनिटे: मिनिटाला ३०. चलन कोणतेही असो, दुसरी ऑर्डर चांगली. पहिल्या नगात 'मार्जिन जास्त' दिसते, म्हणून तीच बहुधा घेतली जाते.

उत्पादने पाच-सहा आणि अडवणाऱ्या मशीन दोन-तीन झाल्या की हाताने ताळमेळ लागत नाही. तेव्हा एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमधला सॉल्व्हर (दिलेल्या अटींत सर्वांत चांगले उत्तर शोधणारी सोय) वापरा. उत्तर अपूर्णांकात आले, किंवा एका उत्पादनाचे शून्य नग काढा असे आले, तर सॉल्व्हरला दोष देऊ नका. नग पूर्णांकात हवेत आणि ग्राहकाला किमान इतके द्यायचेच आहेत, या दोन अटी घालायच्या राहिल्या आहेत.

कच्चा माल कधी संपतो, कधी पडून राहतो. पुन्हा मागवण्याची पातळी कशी काढायची?

रोजचा सरासरी वापर ४०, त्याचे प्रमाण विचलन १२, माल यायला ९ दिवस. सुरक्षित साठा = १.६५ × १२ × ९ चे वर्गमूळ = सुमारे ६०. (१.६५ हा आकडा ९५ टक्के वेळा माल न संपण्यासाठी.) पातळी = ४० × ९ + ६० = ४२०.

पाठ्यपुस्तकी उत्तर इथे संपते, आणि स्टोअर तरी रिकामे होते. कारण पुरवठादार ९ दिवस म्हणतो आणि कधी ७, कधी १३ दिवसांत देतो. त्या वेळेचे प्रमाण विचलन २ दिवस धरले तर वर्गमुळाच्या आत ९ × १४४ अधिक १६०० × ४, म्हणजे १२९६ अधिक ६४००, असे येते. सुरक्षित साठा १४५ आणि पातळी ५०५. ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: साठ्याचा मोठा वाटा तुमच्या वापरातल्या चढ-उतारामुळे नाही, पुरवठादाराच्या अनियमितपणामुळे बांधला गेला आहे. तेव्हा बोलणी दरावर करायची की वेळेवर, तेही यातून ठरते. यासाठी लागणारी नोंद फक्त दोन तारखांची: ऑर्डर दिली ती आणि माल वापरण्याजोगा झाला ती. माल गेटवर आला ती तारीख चालत नाही, तपासणीत चार दिवस अडकलेला माल कारखान्यात असूनही नसतो.

एक्सेल पुरेल का?

वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला पुरेल. दोन माणसांना एकाच वेळी लिहावे लागले, किंवा तीच फाइल चार नावांनी फिरू लागली, की डेटाबेसकडे वळा.

तोवर काही पथ्ये पाळा. नोंदींची शीट, गणिताची शीट आणि पाहण्याची शीट वेगळ्या ठेवा. सूत्रांचे सेल लॉक करा. पार्ट नंबरचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्ये उडतात आणि '३-१२' सारखा नंबर तारीख होऊन बसतो. तारखेत दिवस आधी की महिना आधी हे सगळ्या संगणकांवर एकच ठेवा. १२ तारखेपर्यंत चूक दिसत नाही, १३ ला दिसते. मशीन, जॉब, कारण हे टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. एकाच मशीनची तीन स्पेलिंगे झाली की तिचे थांबे तीन मशीनवर वाटले जातात आणि ती पॅरेटोत कधीच वर येत नाही.

एआयने हे सगळे आपोआप होणार नाही का?

वर्षात चाळीस ब्रेकडाउन, त्यात स्पिंडलचे तीन. तीन उदाहरणांवरून बिघाडाचे भाकीत शिकणारे मॉडेल होत नाही. व्हायब्रेशन आणि तापमानावर साधी धोक्याची रेषा जास्त विश्वासाची. कॅमेऱ्याने दोष ओळखणे जमते, पण प्रकाश आणि नग ठेवण्याची जागा कायम राखता आली तरच. चॅट करणारी साधने सूत्र लिहायला आणि मॅन्युअलमधला अलार्म समजून घ्यायला चांगली. त्यांनी दिलेला आकडा हाताने एकदा पडताळा. ग्राहकाचे ड्रॉइंग तिथे चिकटवण्याआधी गोपनीयतेचा करार वाचा.

ऑपरेटर खोटे आकडे भरतात. काय करावे?

ज्या आकड्यावरून बोलणी खावी लागतात तो आकडा खोटाच येतो. थांब्यांच्या नोंदीचा पगार-बक्षिसाशी संबंध जोडू नका. त्याच नोंदीतून आठवड्याभरात ऑपरेटरची एखादी अडचण सोडवून दाखवा. 'माल नाही'चा कोड खाली येतोय हे त्याला दिसले की तो नोंद नीट करू लागतो.

प्रणालीचा सल्ला बरोबर आहे हे कसे तपासायचे?

आधी मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींवर चालवा: त्या वेळी ही प्रणाली असती तर तिने काय सुचवले असते? मात्र त्या दिवशी उपलब्ध होती तेवढीच माहिती तिला द्या. नंतर भरलेला रिजेक्शनचा आकडा चुकून आत गेला तर तिचा सल्ला जादूसारखा अचूक दिसतो.

मग चार आठवडे समांतर. सुपरवायझर नेहमीप्रमाणे ठरवेल, प्रणालीचा सल्ला बाजूला लिहिला जाईल. दोघांचे जिथे पटले नाही त्या नोंदी दर आठवड्याला एकत्र बसून वाचा. सल्ला डावलला तर कारण एका ओळीत लिहायचेच, हा नियम पुढेही कायम ठेवा. 'त्या मशीनवर हा जॉब नीट बसत नाही' असे कारण चार वेळा आले, तर तो नियम प्रणालीत घालायचा राहिलेला आहे. 'ग्राहकाचा फोन आला' हे चार वेळा आले, तर गडबड प्रणालीत नाही.

बॅकअप?

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत कारखान्याबाहेर. तिमाहीतून एकदा प्रतीवरून फाइल खरोखर उघडून पाहा. कायम संगणकाला जोडलेला पेन ड्राइव्ह बॅकअप नव्हे. व्हायरस दोन्ही एकदमच खातो.

हे सांभाळायला वेगळा माणूस ठेवावा लागेल का?

पूर्णवेळ नको, पण नाव एकाचेच हवे. आठवड्याला दोन-तीन तास: कोडची यादी पाहणे, सायकल टाइम ताजे करणे, डावललेले सल्ले वाचणे. हा माणूस शॉप फ्लोअरवरचा असेल तर उत्तम; त्याला सूत्रे शिकवणे सोपे, संगणकवाल्याला मशीनचा आवाज ओळखायला शिकवणे अवघड. तो गेला तर काय, म्हणून प्रत्येक सूत्राशेजारी ते काय मोजते आणि स्थिरांक कुठून आला ते मराठीत लिहून ठेवा.

एखादा अहवाल बंद कधी करावा?

संशय आला की न सांगता दोन आठवडे पाठवू नका. कोणी विचारले, तर त्यावरून काय ठरवता ते विचारून घ्या आणि तेवढाच भाग पुन्हा सुरू करा. कोणीच विचारले नाही, तर तो अहवाल आणि त्याच्यासाठी भरले जाणारे रकाने, दोन्ही काढून टाका.